मेदयुक्त यकृत विकारावरील वनस्पतिजन्य उपचार

मेदयुक्त यकृत विकारावरील वनस्पतिजन्य उपचार या संज्ञेत आहार आणि वजनवाढीमुळे यकृतात साचणारी चरबी कमी करण्यासाठी वापरली जाणारी झाडपाल्याची औषधे, वनस्पतींचे अर्क आणि वनस्पतिप्रधान आहार यांचा समावेश होतो. बोलीभाषेत हा विकार 'फॅटी लिव्हर' या नावानेच ओळखला जातो. महाराष्ट्रात त्यावर कुटकी, भुईआवळी, गुळवेल, पुनर्नवा, ओलेकिराईत व हळद या वनस्पती, तसेच आरोग्यवर्धिनीसारखे शास्त्रोक्त कल्प दिले जातात. यांतील बहुतेक औषधांना 'यकृताचे औषध' ही ख्याती काविळीच्या उपचारातून मिळालेली आहे. मेदयुक्त यकृतावरील त्यांच्या परिणामाचा पुरावा मर्यादित असून काही वनस्पतींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईसह अनेक ठिकाणी प्रसिद्ध झाल्या आहेत.

विकाराचे स्वरूप

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये मेदाचे थेंब साचले, की यकृत मेदयुक्त झाले असे मानतात. मद्यपान हे त्याचे एक कारण आहे. मद्यपान न करणाऱ्या किंवा अत्यल्प करणाऱ्या व्यक्तींमध्ये तो लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तातील वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसोबत आढळतो. पूर्वी त्याला 'मद्येतर मेदयुक्त यकृत रोग' म्हणत. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी ते नाव बदलून चयापचय दोषाशी निगडित मेदयुक्त यकृत रोग असे केले. काही रुग्णांमध्ये साचलेल्या मेदाबरोबर दाह सुरू होतो, पुढे तंतुमयता वाढते आणि अखेरीस यकृतकाठिण्य म्हणजे सिऱ्होसिस होऊ शकतो.

यकृतातील चरबी म्हणजे खाल्लेले तेल-तूपच, हा समज अपुरा आहे. २००५ मध्ये अमेरिकेत लठ्ठ रुग्णांच्या यकृतातील मेदाचा माग काढला असता त्यातील सुमारे ५९ टक्के मेद शरीराच्या चरबीसाठ्यातून रक्तावाटे आलेला, २६ टक्के यकृताने शर्करेपासून स्वतः तयार केलेला आणि केवळ १५ टक्के थेट आहारातील असल्याचे दिसले. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले, की चरबीसाठ्यातून मेदाम्ले सुटत राहतात. त्याच वेळी रक्तात वाढलेले इन्सुलिन यकृताला नवा मेद घडवण्यास भाग पाडते. साखरेतील फ्रुक्टोज हा घटक मुख्यतः यकृतातच पचवला जात असल्याने तो या प्रक्रियेला विशेष खतपाणी घालतो.

मुंबईतील रेल्वे वसाहतींमध्ये डॉ. दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १६.६ टक्के रहिवाशांचे यकृत मेदयुक्त आढळले होते. भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ३८.६ टक्के आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

काविळीच्या औषधांचा वारसा

मराठी मुलखात यकृताचा आजार म्हणजे कावीळ असे समीकरण दीर्घकाळ होते. भुईआवळीचे पंचांग वाटून दुधातून किंवा ताकातून देणे, एरंडाच्या पानांचा रस पाजणे, देवडांगरीचा अर्क नाकात टाकणे, कावीळ 'उतरवणे' हे प्रकार खेडोपाडी व शहरांतही चालत आले आहेत. त्यांना यश मिळाल्यासारखे वाटण्याचे एक साधे कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए व ई या विषाणूंची कावीळ बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि त्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते.

मेदयुक्त यकृत याच्या अगदी उलट वागते. त्यात सहसा कावीळ होत नाही, दुखत नाही आणि बहुतेकांना तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत कळतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे काविळीत उपयोगी पडलेले किंवा पडल्यासारखे वाटलेले औषध मेदयुक्त यकृतातही चालेल, असे गृहीत धरता येत नाही. उसाचा रस हे याचे ठळक उदाहरण आहे. काविळीच्या रुग्णाला भूक नसताना रस पाजण्याची प्रथा समजण्यासारखी आहे, परंतु त्याच्या एका मोठ्या पेल्यात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, आणि तीच साखर मेदयुक्त यकृताच्या मुळाशी असते. 'लिव्हरसाठी चांगला' म्हणून मेदयुक्त यकृताच्या रुग्णाने रोज उसाचा रस पिणे म्हणजे उपचाराच्या नावाने रोगाला पोसणेच होय.

भुईआवळीची कथाही अशीच आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी विषाणूच्या वाहकांना ही वनस्पती दिली. ५९ टक्के वाहकांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठप्रतिजन नाहीसा झाल्याचा त्यांचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि तिची कीर्ती जगभर पोहोचली. नंतरच्या अनेक चाचण्यांत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. शिवाय तो मिळाला असता, तरी तो विषाणूविरुद्धचा परिणाम ठरला असता, मेदाविरुद्धचा नव्हे.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आजच्या अर्थाने मेदयुक्त यकृत असा स्वतंत्र रोग नाही. आधुनिक काळातील वैद्य त्याची सांगड मेदोदुष्टी, स्थौल्य आणि यकृद्दाल्युदर यांच्याशी घालतात. या संदर्भात चरकसंहितेतील 'लेखनीय महाकषाय' हा दहा द्रव्यांचा गट लक्षवेधी आहे. लेखन म्हणजे खरवडून काढणे, अर्थात साचलेला मेद कमी करणे. या गटात हरिद्रा म्हणजे हळद, दारुहरिद्रा म्हणजे दारुहळद आणि कटुरोहिणी म्हणजे कुटकी ही तिन्ही द्रव्ये आहेत, आणि आजच्या प्रयोगशाळांत मेदयुक्त यकृतासाठी तपासल्या गेलेल्या वनस्पतींत याच तिघींचा क्रम वरचा आहे.

कुटकी

कुटकी ही हिमालयात सुमारे ३००० मीटरच्या वर वाढणारी, अतिशय कडू मुळांची वनस्पती आहे. महाराष्ट्रात ती उगवत नाही. काष्ठौषधींच्या दुकानांत सुकी मुळे मिळतात. अतितोडीमुळे ती दुर्मीळ झाली असून १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टान्वये नियंत्रण आहे.

या वनस्पतीवरील महत्त्वाचे मानवी संशोधन मुंबईत झाले. डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये आरोग्यवर्धिनी या कल्पाची तीव्र विषाणूजन्य कावीळ झालेल्या रुग्णांवरील द्विअंध चाचणी प्रसिद्ध केली. आरोग्यवर्धिनीचा सुमारे निम्मा भाग कुटकीचा असतो. पुढे याच गटाने निव्वळ कुटकीची चाचणी घेतली आणि ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १५ रुग्णांना कुटकीच्या मुळाचे चूर्ण ३७५ मिलिग्रॅम या मात्रेत दिवसातून तीनदा, तर १८ रुग्णांना दिखाऊ औषध दोन आठवडे देण्यात आले. कुटकी घेतलेल्यांचे बिलिरुबिन व यकृताची विकरे लवकर उतरली. चाचणी लहान असली तरी शिस्तीने केलेली होती. मात्र तिचा विषय मेद नव्हता, कावीळ होता.

मेदयुक्त यकृतासंबंधीचा प्रयोग २०१० मध्ये मुंबईतीलच संशोधकांनी उंदरांवर केला. लोणी मिसळलेला, ३० टक्के मेदाचा आहार देऊन उंदरांचे यकृत मेदयुक्त करण्यात आले आणि नंतर त्यांना कुटकीचा प्रमाणित अर्क देण्यात आला. यकृतातील मेद घटला आणि तुलनेसाठी घेतलेल्या सिलिमारिनपेक्षा कुटकी सरस ठरली. असे निष्कर्ष जाहिरातींत 'संशोधनाने सिद्ध' म्हणून येतात तेव्हा मात्रेचा हिशेब सहसा गाळला जातो. या प्रयोगातील वरची मात्रा उंदराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम होती. शरीराच्या पृष्ठफळावरून रूपांतर करण्याच्या रूढ रीतीने ती ६० किलोच्या माणसासाठी जवळपास ४ ग्रॅम अर्क इतकी होते. १९९६ च्या चाचणीतील रुग्ण दिवसाला सव्वा ग्रॅमहूनही कमी चूर्ण घेत होते, आणि तेही चूर्ण, अर्क नव्हे. कुटकी रेचक असल्याने जास्त मात्रेत जुलाब होतात ही अडचण वेगळीच.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कुटकीतील कडू द्रव्यांचे 'पिक्रोलिव्ह' हे प्रमाणित मिश्रण तयार करून त्याचा यकृतरक्षक म्हणून दीर्घ अभ्यास केला आहे. आरोग्यवर्धिनीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ती निव्वळ वनस्पतिजन्य नाही. तिच्या पारंपरिक घटकांत शुद्ध पारद, गंधक, लोहभस्म, अभ्रकभस्म व ताम्रभस्म यांचा समावेश आहे. त्यामुळे ती 'झाडपाल्याचे औषध' समजून महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेणे योग्य नाही.

गुळवेल: ठाणे जिल्ह्यातील वेल आणि मुंबईतील रुग्ण

यकृत आणि वनौषधी यांच्या नात्यातील सर्वांत बोधप्रद प्रकरण गुळवेलीचे आहे, आणि ते जवळजवळ संपूर्णपणे मुंबई-ठाणे परिसरात घडले.

गुळवेल, शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, ठाणे जिल्ह्यात सहज आढळते. शहापूर, मुरबाडच्या रानांप्रमाणेच भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीला लागून असलेल्या शेलारसारख्या गावांच्या कुंपणांवर आणि कडुनिंबावर चढलेली ही वेल ओळखणारे लोक घरोघरी आहेत. १९९० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. पित्तनलिकेत अडथळा येऊन कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावते आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवण्याचा धोका वाढतो. अशा ३० रुग्णांवरील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुळवेल मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त होते. संशोधकांनी याचे श्रेय प्रतिकारक पेशींना मिळालेल्या उत्तेजनाला दिले.

कोविड-१९ च्या साथीत हीच 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' वेल घराघरांत पोहोचली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जाहीर केलेल्या उपचार मार्गदर्शिकेत गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता. मागणी इतकी वाढली, की शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी उभारलेल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेला मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या ट्रायफेड संस्थेने कळवले. वनोपजावर जगणाऱ्या समाजासाठी ही मोठीच कमाई होती.

त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, मुंबईतील यकृततज्ज्ञांना काविळीचे सहा रुग्ण आढळले. विषाणू, मद्य व इतर कारणे तपासून वगळल्यावर या सर्वांनी गुळवेल घेतली असल्याचे समोर आले. डॉ. आभा नगराल व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. यकृताच्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटल्यासारखे, म्हणजे स्वप्रतिरोधी यकृतदाहासारखे हे चित्र होते. केईएममधील रुग्णांना जे उत्तेजन तारक ठरले, तेच स्वप्रतिरोधाकडे कल असलेल्या व्यक्तींत मारक ठरत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते.

जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी तीच होती का, हे संशोधकांनी तपासले नाही. ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही सारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. आक्षेप अप्रस्तुत नव्हता, कारण टिनोस्पोरा क्रिस्पामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे ४६ दिवसांचा होता आणि अनेकांत पूर्वीपासूनचा, लक्षात न आलेला यकृतविकार होता.

मेदयुक्त यकृताच्या रुग्णांसाठी या शेवटच्या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे, कारण हा विकार मुळातच लक्षात न येणारा आहे. ज्याच्या यकृतात आधीच दाह किंवा तंतुमयता आहे, त्याला नव्या इजेतून सावरण्यास वाव कमी उरतो. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि इजा झालेले रुग्ण मोजके नोंदले गेले, त्यामुळे धोका सर्वसाधारण नाही हे खरे. तथापि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला, तिच्या सेवनाने माणसांच्या यकृतातील मेद घटतो याला भक्कम आधार नाही.

हळद

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यावर मेदयुक्त यकृताच्या संदर्भात अनेक मानवी चाचण्या झाल्या असून त्यांतील बऱ्याच इराणमधील आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत ८० रुग्ण होते. आठ आठवड्यांनंतर कर्क्युमिन घेतलेल्यांपैकी ७८.९ टक्के रुग्णांच्या सोनोग्राफीत सुधारणा दिसली, तर दिखाऊ औषध घेतलेल्यांत २७.५ टक्के.

पहिला आकडा आकर्षक आहे, पण दुसरा अधिक शिकवणारा आहे. काहीही औषध न मिळालेल्या चौघांपैकी एकाहून अधिक रुग्ण दोन महिन्यांत 'सुधारले', कारण चाचणीत सहभागी झाल्यावर माणसे खाण्यापिण्याकडे लक्ष देऊ लागतात आणि सोनोग्राफी हे मेद मोजण्याचे ढोबळ साधन आहे. यकृतातील मेद २० ते ३० टक्क्यांच्या खाली असेल तर ती तो खात्रीने दाखवू शकत नाही, आणि प्रत ठरवणे बऱ्याच अंशी तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. 'ग्रेड दोन होते, काढा घेतला आणि ग्रेड एक झाले' या अनुभवाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

स्वयंपाकातील हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते आणि त्याचे आतड्यातून शोषण फारच कमी होते. म्हणूनच गोळ्यांत त्यासोबत मिऱ्यातील पायपेरीन मिसळतात. १९९८ मध्ये बंगळुरू येथील संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे त्यामुळे कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता सुमारे २० पट वाढते. शोषण वाढले तशी इजाही दिसू लागली. अमेरिकेतील औषधजन्य यकृतइजेचा मागोवा घेणाऱ्या संशोधकजाळ्याने हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले; त्यांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार होता आणि एकाचा मृत्यू झाला. आमटी-भाजीतील हळदीशी या घटनांचा संबंध नाही.

इतर वनस्पती

दारुहळदीतील बर्बेरीनची शांघाय येथे १८४ रुग्णांवर चाचणी झाली. केवळ आहार-व्यायाम सुधारलेल्या गटात यकृतातील मेद ३६.४ टक्क्यांनी, तर त्याला बर्बेरीनची जोड दिलेल्या गटात ५२.७ टक्क्यांनी घटला. येथे मेद सोनोग्राफीने नव्हे तर चुंबकीय तंत्राने मोजला असल्याने निष्कर्ष अधिक विश्वसनीय आहे, आणि त्यातही मोठा वाटा आहार-व्यायामाचाच आहे. युरोपातील सिलिबम या काटेरी वनस्पतीपासून मिळणारे सिलिमारिन भारतात डॉक्टरही लिहून देतात. मलेशियातील ९९ रुग्णांच्या, यकृताचा तुकडा तपासून केलेल्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत त्याचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही, मात्र तंतुमयतेत काही सुधारणा दिसली. ओलेकिराईत आणि पुनर्नवा यांच्याबाबत मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार दिला जातो.

कोकणातील कोकमाविषयी गैरसमज होऊ नये म्हणून खुलासा आवश्यक आहे. वजन घटवण्याच्या गोळ्यांत 'गार्सिनिया' असे लिहिलेले असते, ती बहुधा कोकमाच्या जातभाईची, मलबारी चिंचेची साल असते. दोन्हींत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे. या गोळ्यांमुळे यकृताला तीव्र इजा झाल्याच्या अनेक नोंदी आहेत. सोलकढी किंवा आमसुलाच्या साराबद्दल तशा नोंदी नाहीत. हिरव्या चहाचेही असेच आहे: पेय म्हणून तो निर्धोक मानला जातो, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्याच्या अर्कातील ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात असा इशारा दिला.

भारतीय कायद्यानुसार शास्त्रोक्त ग्रंथांतील कल्पांना परवाना देताना परिणामकारकतेची नवी चाचणी मागितली जात नाही. ग्रंथाधार पुरेसा ठरतो. त्यामुळे डबीवरील परवाना क्रमांक हा त्या औषधाने मेदयुक्त यकृत बरे होते याचा दाखला नसतो. अशी औषधे घेणाऱ्याने ती आपल्या डॉक्टरांपासून लपवू नयेत. ती सुरू असताना लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा भूक अचानक मरणे यांपैकी काहीही आढळल्यास औषध थांबवून तातडीने रक्ततपासणी करणे आवश्यक असते.

आहारातील वनस्पती

वनस्पतींचा सर्वांत भक्कम पुरावा गोळीच्या नव्हे तर जेवणाच्या रूपात उपलब्ध आहे. इस्राएलमध्ये २९४ जणांवर १८ महिने चाललेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन आहारांची तुलना झाली. नुसता आरोग्यदायी आहाराचा सल्ला मिळालेल्यांच्या यकृतातील मेद १२.२ टक्क्यांनी, भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांचा १९.६ टक्क्यांनी आणि त्याच आहारात हिरवा चहा व एक पाणवनस्पती वाढवून लाल मांस कमी केलेल्यांचा ३८.९ टक्क्यांनी घटला. शेवटच्या दोन गटांत वजन जवळपास सारखेच उतरले होते, म्हणजे मेदातील फरक केवळ वजनामुळे नव्हता.

वजनाचा प्रभाव मात्र इतर सर्व उपायांहून मोठा आहे. क्यूबातील २९३ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात १० टक्के किंवा अधिक वजन घटवलेल्यांपैकी ९० टक्के जणांच्या यकृतातील दाह नाहीसा झाला आणि ४५ टक्के जणांची तंतुमयता मागे हटली. इतके वजन उतरवणारे थोडेच असतात. ७ टक्क्यांपर्यंतही बहुतेकजण पोहोचत नाहीत. अलीकडे दाह व तंतुमयता असलेल्या रुग्णांसाठी रेसमेटिरोम या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तीही आहार व व्यायामाच्या जोडीने वापरण्यासाठीच.

महाराष्ट्राच्या जेवणात या तत्त्वाला धरून चालणारे पदार्थ मुबलक आहेत: ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, मटकी-चवळीच्या उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे व जवसाची चटणी, बिनसाखरेचे ताक. बदल करायचा तो मुख्यतः साखरेत. दिवसातून चार-पाच वेळा प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेला चहा घेणाऱ्याच्या पोटात चहातूनच ४० ते ५० ग्रॅम साखर जाते. यंत्रमागावर, गोदामात किंवा रात्रपाळीत काम करणाऱ्यांसाठी हा चहा आणि वडापाव हेच बऱ्याचदा जेवण असते. बिनसाखरेच्या कॉफीचा यकृताशी असलेला संबंध त्या तुलनेत अनुकूल आहे. नियमित कॉफी पिणाऱ्यांत तंतुमयता कमी आढळते, असे अनेक देशांतील निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसले आहे. फळे चावून खाल्ल्यास त्यातील तंतूंमुळे शर्करा हळू शोषली जाते. त्याच फळांचा गाळलेला रस पिताना हा अडसर राहत नाही.